स्वामीजच्या खडपावर

वाळूच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकून आलेल्या माणसाला खडकावरच्या लाटेची एक गोष्ट लवकर ध्यानात येते: ही लाट जागा सोडत नाही. वाळूचा तळ दर वादळात सरकतो. आज जिथे मस्त लाट फुटली तिथे पुढच्या आठवड्यात नुसता फेस. म्हणून तिथे सगळेच अंदाजपंचे बसलेले असतात आणि नवख्यालाही एखादी लाट आयती मिळून जाते. खडक मात्र जिथल्या तिथे. त्यामुळे लाट कुठे फुटणार हे ठरलेलं, आणि ते ज्यांना तीस-चाळीस वर्षं पाठ आहे ती माणसं त्याच जागी येऊन बसणार हेही ठरलेलं. स्वामीजला जायला लागल्यापासून माझा बहुतेक वेळ या माणसांच्या आसपास आपण कुठे बसायचं, हे कळण्यात गेला. बोर्डवर उभं राहणं त्यामानाने सोपं. ते ला होया शोअर्सच्या वाळूवर लेकीबरोबर शिकून झालं होतं.

स्वामीज म्हणजे सॅन डिएगोच्या उत्तरेला एन्सिनिटास गावात, हायवे १०१ ला लागून असलेल्या कड्याखालचं खडप. नाव पडलं ते परमहंस योगानंदांमुळे. कड्यावर त्यांचा आश्रम आहे. १९३५-३६ मध्ये योगानंद भारतात गेले होते, त्या काळात त्यांच्या एका श्रीमंत अमेरिकन शिष्याने तो बांधून घेतला. १९३८ साली कड्याच्या अगदी टोकाशी देऊळ उभं राहिलं आणि चारच वर्षांत, १९४२ मध्ये, खालचा कडा खचून ते गेलं. रस्त्याकडच्या भिंतीवर कमळाच्या आकाराचे सोनेरी कळस अजून दिसतात. खरं सांगायचं तर योगानंदांचं नाव मी इथे येऊनच नीट ऐकलं. पण साडीतली नसले तरी चेहऱ्याने भारतीय, त्यात चाळिशी उलटलेली, त्यामुळे पार्किंगमध्ये मला हमखास विचारतात, ‘ध्यानाला आलात का? आश्रमाचं दार पलीकडे आहे.’ मी गाडीवरून बोर्ड सोडवायला लागले की मग विषय बदलतो.

आईला व्हिडिओ कॉलवर जागा दाखवली तेव्हा तिने कळस पाहून हात जोडले आणि मग खालचं काळं खडप पाहून म्हणाली, ‘अगो, वाळू सोडून खडपावर कोण जातं मरायला?’ आम्ही रत्नागिरीचे. भाट्याच्या वाळूत खेळायचं, मांडवीला भेळ खायची, आणि खडपावर जायचं ते ओहोटीला, कालवं काढायला. पावसाळ्यात समुद्राकडे पाठ. आईचं म्हणणं तिच्या समुद्रापुरतं अगदी बरोबर आहे. तिथल्या जून-जुलैच्या लाटा मोसमी वाऱ्याने उठवलेल्या असतात, एकीच्या पाठीवर एक, दम न घेणाऱ्या. त्यांच्यात खडपावर उतरणं म्हणजे मरणंच.

इथल्या हिवाळी लाटा वेगळ्या. त्या उठतात पॅसिफिकच्या उत्तर टोकाला, अलास्का-अल्युशियनकडच्या वादळांत, आणि हजारो किलोमीटर येता येता निवडल्या जातात: लांब लाटा पुढे, आखूड मागे. त्यामुळे अंदाज बघताना लाटेच्या उंचीआधी दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत बघायचं. ८ सेकंद म्हणजे जवळपासच्या वाऱ्याची भाऊगर्दी. १६ सेकंद म्हणजे लांबून आलेलं खानदानी पाणी. १६ सेकंदांची लाट खोल समुद्रात ४०० मीटर लांब असते. तिला २०० मीटर खोलीवरच तळ लागायला सुरुवात होते आणि म्हणून ती किनाऱ्यापाशी येताना वळते, मंदावते, उंच होते. ८ सेकंदांच्या लाटेला ५० मीटरपर्यंत तळाचा पत्ताच नसतो. लाटा मोजणाऱ्या तरंगत्या बॉयवर (buoy) दोन्ही ‘४ फूट’ लिहून येतात. पाण्यात एकीवर तुम्ही बसता आणि दुसरी तुमच्यावर.

हा सगळा हिशोब मुळात इथल्याच शेजारच्या गावात मांडला गेला. ला होयाच्या स्क्रिप्स संस्थेत हॅराल्ड स्वेर्ड्रुप आणि त्यांचे विद्यार्थी वॉल्टर मंक यांनी दुसऱ्या महायुद्धात फौजा किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज बांधायची पद्धत बसवली. १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईलाही ती वापरली गेली. पुढे १९६३ मध्ये मंक यांनी दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लाटा पार अलास्कापर्यंत माग काढत नेल्या. त्यांच्या गणिताच्या जोरावर आज मी पहाटे पांघरुणातूनच फोनवर बघून ठरवते की उठायचं की नाही.

मी स्वामीजला पाण्यात उतरले त्याच्या कितीतरी आधीपासून वरच्या बाकावर बसत होते. हा सल्ला तिथल्याच एका सत्तरी पार केलेल्या आजोबांचा. त्यांचा पिवळा पडलेला दहा फुटी बोर्ड आहे आणि ते रोज असतात. मी त्यांना पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, ‘आधी मोज. सेटमध्ये, म्हणजे मोठ्या लाटांच्या एका झुंडीत, किती लाटा येतात, दोन सेटमध्ये किती वेळ जातो, आणि कुणाला लाट मिळते. कुणाला मिळते ते नीट बघ.’ शेवटचं वाक्य मला तेव्हा उगीचच खोचक वाटलं.

बघितल्यावर मात्र कड्यावरून जे दिसतं ते पाण्यातून कधीच दिसत नाही. लाट आधी उत्तरेला, आश्रमाच्या खाली, बाहेरच्या खडकावर उभी राहते. तिथून ती दक्षिणेकडे, म्हणजे किनाऱ्याकडे तोंड करून बसलेल्या सर्फरच्या उजव्या हाताला, सोलल्यासारखी फुटत येते. मध्ये एक खोलगट जागा आहे, तिथे ती दमते, फेस संपतो, आणि आतल्या खडकावर पुन्हा उभी राहते. पायऱ्यांच्या दक्षिणेला पाणी खोल आहे. तिथे ती विरते. म्हणजे बाहेर जायची वाट तीच. हौशी माणूस सरळ समोरून घुसायला जातो आणि लाटांच्या तोंडी सापडतो. जाणकार माणूस वळसा घालून कोरडे केस घेऊन बाहेर पोचतो.

वाऱ्याचं शाळेच्या भूगोलात पाठ केलेलं असतंच: दिवसा खारे वारे, रात्री मतलई. त्याचा आयुष्यात काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा लाटेच्या तोंडावर येतो, तिला धरून ठेवतो, पाणी काचेसारखं तुळतुळीत राहतं. दहा-अकरानंतर खारा वारा सुरू झाला की सगळं खरबरीत. म्हणून सगळी झुंबड उजाडायच्या आत. पार्किंग लहानसं, त्यात साडेसहाला जागा नसते.

आणि भरती-ओहोटी. इथल्या हिवाळ्यात उधाणाची मोठी ओहोटी दुपारी येते. तेव्हा खडप उघडं पडतं आणि लोक मुलांना घेऊन समुद्रफुलं बघायला येतात. मी पहिल्यांदा अशाच ओहोटीला बोर्डशिवाय गेले, मुद्दाम. खडक म्हणजे आपला काळा कातळ नव्हे. मऊसर, गाळाचा, राखाडी-तपकिरी, त्याच्यात हातभर लांब खाचा, आणि खाचांवर हिरवंगार, चकचकीत समुद्री गवत, लाटेबरोबर एका बाजूला लोळणारं. गवतावर पाय ठेवला की घसरतो. गवत टाळून ठेवावा तर शिंपल्यांची धार. एका खाचेत बोट घातलं तर तळाशी जांभळी समुद्री साळ (सी अर्चिन) बसलेली, काटे हळूच माझ्याकडे वळवत. पुढे त्याच खाचेवर कमरेएवढ्या पाण्यात बोर्डवरून पडायचं होतं. त्या दिवशी एक नियम मनाशी बांधला: पडायचं ते सपाट, पाठीवर किंवा कुशीवर, पाय खाली सोडायचे नाहीत, डोकं दोन्ही हातांत. विहिरीत उडी मारायला शिकलेल्या पायांना हे शिकवायला वेळ लागतो.

उलट मोठी भरती असली की खडकावर पाणी फार होतं, लाट जाड आणि आळशी होते, आणि खालची वाळूची पट्टी नाहीशी होऊन पाणी कड्याला भिडतं. हा कडा लांबून भक्कम दिसतो, जवळून बघवत नाही. वरचा थर तांबूस, सैल वाळूचा, हाताने भुगा होणारा. खालचा थोडा टणक. समुद्र खालून कोरतो, वरून पाऊस आणि बंगल्यांच्या बागांचं पाणी झिरपतं, आणि कधीतरी एक तुकडा सूचना न देता सुटतो. ऑगस्ट २०१९ मध्ये इथून काही मैलांवर, ल्युकाडियाच्या ग्रँडव्ह्यू बीचवर, असाच तुकडा कोसळून एकाच कुटुंबातल्या तीन बायका गेल्या. वाळूत खुर्च्या टाकून बसल्या होत्या. धोक्याच्या पाट्या सगळीकडे आहेत. तरी पर्यटक सावलीसाठी नेमके कड्याच्या पायथ्याशी टॉवेल पसरतात. दोनदा-तीनदा मी जाऊन सांगितलं. लोक हसून ‘थँक यू’ म्हणतात आणि तिथेच बसतात. मी माझी पिशवी पायऱ्यांपाशी ठेवते. चपला गेल्या तर जाऊ देत.

उतरायचा दिवस मी निवडला तो डिसेंबरमधला, छातीएवढ्या लाटांचा, मध्यम उतरत्या पाण्याचा. समुद्र १४ अंशांवर. वेटसूट छातीला ४ आणि हातापायांना ३ मिलिमीटरचा. कोरडा असताना तो चढवणं हा एक व्यायाम आणि ओला असताना उतरवणं ही शिक्षा. आडोशासाठी इथे टॉवेलचे पोंचो विकत मिळतात, चांगले साठ-सत्तर डॉलरचे. मी आईचा जुना सुती परकर छातीशी बांधते. नदीवर बायका पिढ्यान्‌पिढ्या कपडे बदलत आल्यात, त्यासाठी डॉलर मोजायचे नाहीत.

उंच लाकडी पायऱ्या उतरून खाली आलं की हिवाळ्यात अजून कड्याचीच सावली असते. ऊन आधी बाहेरच्या लाटांवर पडतं, किनाऱ्यावर फार उशिरा. वाळूत पाय न उचलता फरपटत जायचं, कारण वाळूखाली पाकट बसलेली असते. तिला धक्का लागला तर ती निघून जाते, अंगावर पाय पडला तर काटा मारते. गुडघाभर पाणी झालं की पोटावर. मग दक्षिणेच्या खोल पट्ट्यातून हात मारत बाहेर. नऊ फुटी बोर्ड लाटेखाली दाबता येत नाही, म्हणून फेस अंगावर आला की बोर्डसकट उलटं व्हायचं, बोर्ड वर, आपण खाली, दोन्ही कडा घट्ट धरून. डोक्यावरून फेस गडगडत जातो, गार पाणी मानेतून सुटात शिरतं, आणि पुन्हा सुलटं होऊन हात मारायला लागायचं. आजोबांच्या भाषेत, ‘नाकात पाणी गेलं तर जिवंत आहेस.’

बाहेर पोचल्यावर पहिला प्रश्न, मी नक्की कुठे आहे? पाण्यावर खुणा नसतात आणि प्रवाह सतत दक्षिणेला ओढतो. उपाय घरचाच निघाला. मिरकरवाड्याचे होडीवाले भगवतीच्या किल्ल्यावरचं दीपगृह आणि मागची एखादी टेकडी एका रेषेत आणून मासळीची जागा धरतात. इथेही तेच. पायऱ्यांचा वरचा कठडा आणि मागचं एक वाकडं ताडाचं झाड एका रेषेत आलं की मी आतल्या खडकाच्या बरोबर बाहेर. आश्रमाच्या भिंतीचा कोपरा दुसऱ्या झाडामागे गेला की फार उत्तरेला सरकले, बाहेरच्या मंडळींच्या हद्दीत. दर दोन मिनिटांनी मान वळवून बघायचं. बघितलं नाही तर गप्पा मारता मारता अर्ध्या फर्लांगावर गेलेले असतो.

त्या हद्दीला कुंपण नाही, पण ती आहे. कायदा एकच आणि जगभर तोच: जो फुटणाऱ्या तोंडाच्या सर्वांत जवळ, लाट त्याची. दुसऱ्याने पुढून घुसायचं नाही. वाळूवर हा कायदा सगळ्यांना सारखा लागू होतो, कारण तोंड कुठे फुटेल ते कुणालाच माहीत नसतं. खडकावर ते ज्यांना माहीत आहे ते आधीच तिथे बसलेले, म्हणजे कायद्याने प्रत्येक लाट त्यांचीच. विरार लोकलमध्ये खिडकीची जागा कुठल्या स्टेशनात कुणाची होणार हे जसं ठरलेलं असतं तसं. नवा माणूस उभाच राहतो, आणि रोज दिसला की महिन्याभराने कुणीतरी सरकून चौथी सीट देतं. मला यात अन्याय दिसत नाही, जरी एरवी मी अशा दादागिरीला नावं ठेवते. एका खडकावर चाळीस माणसं आणि सेटमध्ये चार-पाच लाटा. काहीतरी रांग हवीच, आणि या रांगेत पैसे चालत नाहीत, ही त्यातली मला आवडलेली बाजू.

तर मी आत बसले. बाहेरच्यांनी सोडलेलं, हुकलेलं, दुसऱ्यांदा उभं राहिलेलं पाणी आमचं. आमच्यात दोन शाळकरी मुलं, एक गप्प बसणारी नर्स, एक सुतार. थंडीत एका जागी बसून राहायचं. पेलिकनांची रांग लाटेच्या कपाळावरून, पंख न हलवता, पाण्याला जेमतेम न शिवता जाते. जानेवारीत बाहेर देवमाशांचे फवारे दिसतात. करडे देवमासे उत्तरेकडून मेक्सिकोच्या खाड्यांकडे निघालेले असतात. हे सगळं छान असतं, पण हात बधिर झालेले असतात आणि मनात एकच विचार, आता तरी यावी. चांगली लाट आली की मी वळायचे, हात मारायला लागायचे, डावीकडे बघायचे, आणि उत्तरेकडून कुणीतरी आधीच उभं राहून येत असायचं. बोर्डचं नाक मागे ओढून थांबायचं. एकदा माझ्या मालकीच्या लाटेवर एक तरुण पुढून घुसला. मी काही बोलले नाही, पण सुताराने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातून मला एवढं कळलं की मी आता त्यांच्या मोजदादीत आहे.

फेब्रुवारीत ओहोटी लागत असताना एक सेट आला. पहिल्या दोन लाटा बाहेरच्यांनी घेतल्या, तिसरीवर आजोबा होते. चौथीवर बाहेर कुणीच उरलं नव्हतं. ती बाहेर फुटली, मधल्या खोलगट जागेत फेस विरला, आणि नुसता एक काळपट उंचवटा माझ्याकडे यायला लागला. कठडा आणि ताड एका रेषेत होते. नर्स म्हणाली, ‘जा.’ मी वळून हात मारले. खडकावरची लाट उचलते ती वाळूवरच्यापेक्षा फार झटकन. तळ एकदम उथळ होतो, समोरचं पाणी ओढलं जातं आणि बोर्डच्या नाकाखाली क्षणभर गवत दिसतं, हिरवं, सगळं एका दिशेला वाकलेलं. तिथे बघायचं नसतं. बघाल तिथेच जाल. मान उजवीकडे वळवली, पायऱ्यांकडे, आणि उभी राहिले तेव्हा बोर्ड आधीच कड लावून धावत होता. वाळूवर असं कधी झालं नव्हतं. तिथे लाट सगळीकडून एकदम कोसळते आणि तुम्ही फेसात सरळ किनाऱ्याकडे ढकलले जाता. इथे डाव्या कानामागे सतत फुटत असल्याचा आवाज आणि उजवीकडे न फुटलेलं पाणी उभं राहत जातं, पुन्हा पुन्हा, तुम्ही पोचायच्या जेमतेम आधी. पायऱ्या येऊन मागे गेल्या. मग पाणी खोल झालं, लाट सपाट होत होत पायाखालून निघून गेली आणि मी उभ्याउभ्या बुडले.

खोल पट्ट्यातून परत हात मारत आले तेव्हा आजोबाही वळसा घालून परत येत होते. मला वाटलं काही बोलतील. ते म्हणाले, ‘फार सरळ उभी राहतेस, गुडघे वाक.’ मग बोर्डवर उठून बसत म्हणाले, ‘आणि घाई केलीस. तुझ्या मागची जास्त चांगली होती.’

ती नर्सने घेतली होती.